तीन नंबरचं गाणं

राजूरहून पुन्हा तोच निरोप आला होता. तीन नंबरचं गाणं काढून टाका.

उझ्माने चहा बाजूला ठेवला आणि निरोप परत वाचला. संगमनेरच्या एका कॉलेजात ती भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची आणि घरी आली की संगीत रचायची. गिटार, कीबोर्ड, जॅझ आणि रॉकचं तिरपागडं मिश्रण; कधी अकरा मात्रांचं, कधी तेरा. अम्मी गेल्यापासून घरात ती एकटीच होती. अम्मीच्या गोधड्या खिडक्यांना लावून तिने आवाज बाहेर जाणं बंद केलं होतं. शेजाऱ्यांना त्रास नव्हता. ऐकायलाही कोणी नव्हतं.

'अर्धं आवर्तन' हा अल्बम तिने स्वतःच इंटरनेटवर टाकला, फुकट. सुरुवातीला ओळखीच्यांनी ऐकला. मग पुण्यातल्या ऐकणाऱ्यांचा आकडा शून्यावर आला, मुंबईचाही आला. शेवटी महिनाअखेर सगळं काढून टाकायचं आणि गिटार माळ्यावर चढवायची, असं तिने ठरवलं. तशी सूचनाही लावली.

फक्त राजूरमध्ये कोणीतरी ऐकत होतं. दिवेलागणीला सुरू व्हायचं ते उजाडेपर्यंत, पुन्हा पुन्हा, रोज. नाव होतं कारभारी. सूचना लागताच त्याचा पहिला निरोप आला. "गाणं काढू नका. लई नुकसान व्हईल."

तिने सूचना मागे घेतली. गिटारला नव्या तारा चढवल्या.

मग तीन नंबरचं टुमणं सुरू झालं. "त्यात ठोका सारखा पडतो. ते नको," असं त्याने कळवलं, तेव्हा उझ्मा चकित झाली. अख्ख्या अल्बममध्ये तेवढंच गाणं सरळ चार मात्रांचं होतं. पुण्याच्या दोघा-तिघा वादकांनी अल्बम ऐकून बरा अभिप्राय दिला होता, पण हा फरक त्यांच्यापैकी कोणाच्याच कानाने टिपला नव्हता.

त्या गाण्यातले ड्रम तिच्या धाकट्या भावाने, राहीलने, वाजवले होते. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला तो पुण्याला निघाला होता. "आपा, एक तरी गाणं माणसांसाठी कर," तो म्हणाला होता. "तुझ्या तालावर माणूस सोड, जनावरसुद्धा पाय टाकणार नाही." एका दमात वाजवून तो गेला. आता ईदला फोन यायचा, तेवढाच. ते गाणं काढायचं म्हणजे घरातला त्याचा शेवटचा आवाज काढायचा.

तिने कारभारींना विचारलं, ते गाणं सोडून पुढचं का लावत नाही? उत्तर आलं, "त्या येळेला हात लावता येत न्हाई."

हे तिने प्रयोगशाळेत वाचलं आणि बराच वेळ ती स्टुलावर बसून राहिली. हात चालत नसलेला माणूस. झोप नसलेला. संध्याकाळी कोणीतरी उशाशी मोबाईल लावून जातं आणि मग पहाटेपर्यंत ती गाणी आणि तो. अशी रात्र तिला ठाऊक होती. तिने फक्त कारण विचारलं. ते सांगा, मी काढते.

"येऊन बघा," एवढंच उत्तर आलं.

तिने राहीलला फोन केला. तो हसला. एकुलता एक चाहता आणि त्याला नेमकं माझंच गाणं नको, म्हणाला. मग "काढ, आपा," म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी ती अकोलेमार्गे राजूरला पोहोचली. पिशवीत तिने मऊ गादीचे हेडफोन घेतले होते, उशीवर डोकं ठेवूनही घालता येतील असे.

विचारत विचारत ती वस्तीवर आली. अंगणात एक बाई वाल निवडत बसली होती. कारभारींची बायको, गोजरबाई. उझ्माने हळू आवाजात विचारलं, त्यांची तब्येत कशी आहे आता?

"त्यांना काय धाड भरलीय?" गोजरबाई म्हणाली आणि बांधाकडे बोट केलं.

डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक उंच म्हातारा झपाझप येत होता. त्याने भारा टाकला, दोन्ही हातांनी रामराम केला. "गाणेवाल्या ताई का? चला, दावतो."

भुईमुगाच्या वावरात मधोमध बांबू रोवला होता. त्यावर कर्णा, आणि खाली प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाईल. नातू पार्थ चाकणला नोकरीला लागण्याआधी हे जोडून गेला होता. जवळपासचं काही मिळतं का म्हणून त्याने 'संगमनेर' टाकून शोधलं, तर उझ्माचं निघालं. रानडुकरांनी अर्धं वावर नांगरल्यागत उकरलं होतं, कारभारी सांगत होते. आधी भजनं लावली, सिनेमाची गाणी लावली, बातम्या लावल्या. डुकरं सगळ्याला सरावली. ताईंचं लावल्यापासून शेंगेला धक्का नाही. तीन नंबरला तेवढी घुसतात.

उझ्माने पिशवी पाठीमागे धरली. बांधावर आंब्याखाली गवत एका जागी दबलेलं होतं. राखणीला तिथे बसत असावेत. हिशोब तिला लगेच कळला. सारख्या ठोक्याची सवय होते, वेड्यावाकड्या ठोक्याची होत नाही. विज्ञान म्हणून अगदी बरोबर होतं. आजच घरी जाऊन सगळं काढायचं, तिने मनाशी म्हटलं.

"म्हणजे माझ्या गाण्याला डुकरं भितात," ती म्हणाली.

"गाण्याला कशाला भितील?" कारभारी म्हणाले. त्यांनी आंब्याखालच्या दबलेल्या गवताकडे बोट केलं. "बिबट्याला भितात. अंधार पडला, गाणं लागलं, का त्यो तितं येऊन बसतो. पंज्यावर हनवटी टेकून ऐकतो, जरासुदिक हालत न्हाई. फकस्त तीन नंबर लागलं का उठून जातो."