खड्डा क्रमांक चारशे बारा

"खड्डा तुमचा, हात मोडला माझा, आणि नोटीस माझ्या नवऱ्याला! लाज कोळून प्यालात की काय सगळे?"

गवंड्याच्या बायकोने प्लास्टरमधला हात रस्ते खात्याच्या कचेरीच्या खिडकीच्या गजांतून थेट आत घातला. आतल्या साहेबांनी तेवढी फाईल बाजूला घेतली.

नोटीस खरीच होती. घरासमोरचा खड्डा तीन वर्षं मंजुरीच्या यादीत होता. त्यात बायको पडली, मनगट गेलं. मग गवंड्याने यादीची वाट पाहणं सोडलं. एका रविवारी खडी, वाळू, सिमेंट कालवलं आणि खड्डा बुजवला. वर गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारलं. नंतर वरून भरलेले ट्रक गेले, पण चरा उमटला नाही. हाच त्याचा गुन्हा. पाहणीचा माणूस आला तेव्हा चारशे बारा क्रमांकाचा खड्डा जागेवर नव्हता.

"सरकारी खड्डा परस्पर नाहीसा केलास," साहेब म्हणाले. "शुक्रवारी यादीतले खड्डे बघायला समिती येतेय. सव्वादोन फूट लांब, दीड फूट रुंद, नऊ इंच खोल. होता तसा करून दे. नाहीतर गवंडीकामाचा परवाना रद्द."

तीस वर्षं गवंड्याची चूल त्या कागदावर पेटत होती. तो घरी आला आणि स्वतःचंच काम फोडायला बसला. काम असलं पक्कं की दोन छिन्न्या मोडल्या. सोमवारी संध्याकाळी खड्डा तयार झाला.

मंगळवारी साहेबांनी टेप लावली. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, खोली बरोबर. तरी त्यांचा चेहरा पडला. चारही कोपरे गुण्यात, अगदी काटकोनात होते. कडा तासलेल्या होत्या. तळ इतका सपाट की त्यावर गोटी ठेवली असती तर ती जागची हलली नसती.

"अरे, हा काय खड्डा आहे? हौद आहे हौद! समितीला संशय येईल ना. कडा तुटलेल्या पाहिजेत, खडी सुटलेली पाहिजे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपलाच आहे."

गवंड्याने पुन्हा हातोडा उचलला. एक कड फोडली. फुटलेली कड बघवेना, म्हणून थापीने जराशी सारखी केली. दुसरी फोडली, तीही सारखी केली. दुपारपर्यंत खड्डा आधीपेक्षा सुबक झाला.

दारात बसलेल्या बायकोला हसू आवरेना. "अहो, मारा की वेडावाकडा! त्यात काय अवघड आहे?"

"मारतोय गं! पण हात ऐकत नाही माझा." गवंडी रडकुंडीला आला. "साहेब, वाईट काम कधी केलं नाही हो. येत नाही मला."

साहेबांना घाम फुटला. त्यांनी फोन लावला. बुधवारी सकाळी मूळ रस्ता करणारा ठेकेदार मोटारसायकलवरून उतरला. त्याने खड्ड्याभोवती एक चक्कर मारली, गवंड्याकडे पाहिलं आणि त्याला अगदी कणव आली.

"काका, खड्डा कुणी खोदतं का? खड्डा पडतो. त्यासाठी आधी रस्ता करावा लागतो."

त्याच्या माणसांनी खड्ड्यात माती लोटली, वर पापडासारखा डांबराचा थर पसरला. रोलर नव्हता, म्हणून टेम्पोच दोनदा पुढेमागे केला. गवंड्याला राहवेना. त्याने हात जोडले.

"अहो, निदान खालची माती तरी ठोकून घ्या!"

"मग शुक्रवारपर्यंत पडेल कसा?" ठेकेदार म्हणाला आणि निघून गेला.

गुरुवारी सकाळी दुधाची गाडी गेली. संध्याकाळी पाण्याचा टँकर वळला. शुक्रवारी दहा वाजता समितीचे तिघे उतरले तेव्हा खड्डा हजर होता. सव्वादोन फूट लांब, दीड फूट रुंद, खोली साडेनऊ इंच. अर्धा इंच जास्तच. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. समितीतल्या सर्वांत वयस्कर सदस्याने वाकून सुटलेली खडी चिमटीत धरली आणि मान डोलावली.

"अस्सल."

तिघांनी सह्या केल्या. साहेबांनी जीपच्या बॉनेटवरच शिक्का मारून परवाना गवंड्याच्या हातात ठेवला. "जा. सुटलास."

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. गवंडी मात्र जागचा हलला नाही.

"साहेब, आता हा बुजवणार कधी?"

"बुजवला की! बुधवारी." साहेबांनी फाईल उघडून दाखवली. "हे बघ, पहिल्या पानावर समितीने खड्डा पाहिला. दुसऱ्या पानावर ठेकेदाराने बुजवला. चारशे बारा निकाली."

"मग हा समोर दिसतोय तो?"

"हा नवीन. अर्ज कर. यादीत घेऊ."

बिलावर सही घ्यायला आलेला ठेकेदार मोटारसायकलवर बसून खो-खो हसत होता. समितीही हसली. साहेब हसले. गवंड्याच्या बायकोलाही क्षणभर हसू फुटलंच. हसत नव्हता तो एकटा गवंडी. तो घरात गेला, घमेलं आणि थापी घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत खड्ड्यात उतरून उभा राहिला. परवाना त्याने साहेबांपुढे धरला.

"मला वाईट काम जमलं नाही, तर हा काढून घेत होतात. याला जमलं, तर तुम्ही सह्या दिल्या. मी आता हा खड्डा बुजवायला घेतोय साहेब. त्याआधी एकच सांगा, आणि इथंच सांगा: हा परवाना तुम्ही नक्की कशाचा देता?"