जड ब्रेक

"हे नाही चालायचं. ह्याला एकच भोक आहे," मास्तर म्हणाले आणि गंजलेलं ब्रेकचं पेडल त्यांनी ढिगात परत टाकलं. "आपल्याला दोन भोकांचं हवंय. बूस्टर नसला की दांडा वरच्या भोकात लावावा लागतो. नाहीतर पाय मोडेल, पण गाडी थांबणार नाही."

भंगारवाल्याने मास्तरांच्या मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली.

हे सगळं मुलाच्याच डोक्यातून निघालं होतं. मास्तरांनी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते उठले, पण उजवा पाय अर्धाच परत आला. तरी जुनी गाडी रोज बाहेर निघायचीच. तिला मागाहून बसवलेले पॉवर ब्रेक होते. इंजिनाजवळ पातेल्याएवढा काळा बूस्टर, तो पायाचं निम्मं काम करायचा. बोटं टेकवली की गाडी उभी. 'आता गाडी सोडा' हे वाक्य घरात प्रत्येकाच्या ओठांवर होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. मग मुलाला वाट सुचली. बूस्टर काढायचा, साधे ब्रेक बसवायचे. पाय हरला की मास्तर आपणहून किल्ली ठेवतील. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

"बाबा, कंपनीतून आली तेव्हा गाडीला साधेच ब्रेक होते ना? तशीच करू परत. अस्सल," तो एवढंच म्हणाला होता.

मास्तर इतके खूश झाले, की त्या दिवशी मुलाला दोन घास कमी गेले.

तेव्हापासून रविवार भंगारात जाऊ लागले. ब्रेकचा सिलिंडर एका बंद पडलेल्या गॅरेजात मिळाला. दांडा लेथवाल्याकडून करून घेतला. पेडल मात्र हुलकावणी देत राहिलं. मुलगा कंटाळला, मास्तर नाही. ते पाय ओढत ढिगांमधून फिरायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "पोराला माझ्या गाडीचं वेड लागलंय. आजवर बेट्याने बॉनेट उघडलं नव्हतं." शेवटी पेडल त्यांनाच सापडलं, एका चेपलेल्या टॅक्सीच्या पोटात. दोन भोकांचं. त्यांनी ते शर्टाच्या टोकाने पुसलं आणि मुलाच्या हातात दिलं.

ब्रेक बसले. मास्तर गल्लीत गाडी घेऊन निघाले. मुलगा शेजारी बसला, हात हँडब्रेकवर ठेवून. वळणावर मास्तरांनी पाय दाबला. गाडी चालतच राहिली. मुलाने हँडब्रेक ओढला तेव्हा कोपऱ्यावरची भिंत वीतभर उरली होती.

मास्तरांनी इंजिन बंद केलं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी बजावलं होतं, गाडी थांबली नाही तर गाडीला नावं ठेवू नका, आपल्या पायाला विचारा. त्यांनी किल्ली काढून मुलाच्या मांडीवर ठेवली.

"पाय तयार होईपर्यंत तुझ्याकडे ठेव."

मुलाला त्यातलं 'ठेव' तेवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर सकाळी खुर्ची भिंतीशी ओढू लागले. उजव्या पायाचा तळवा भिंतीला लावायचे आणि दाबत बसायचे. कपाळावर घाम यायचा. भिंतीच्या रंगावर तळव्याचा डाग पडला. मधूनच मुलाला हाक मारायचे, "हात धर रे." मुलगा तळहात पुढे करायचा, मास्तर पायाने रेटायचे.

"वाढतोय की जोर, बाबा," तो म्हणायचा. ते खोटं नव्हतं. म्हणूनच त्याला त्यांच्या डोळ्यांत बघवत नसे.

थंडी सरली. एका सकाळी मास्तर भिंतीशी बसले असताना सून बाहेरून आली, किल्ली बोटाभोवती फिरवत. तिची नवी नोकरी लांब होती, म्हणून ती हल्ली गाडी शिकत होती.

"बाबा, आज आपली गाडी चौकातून एकटीने आणली. दोनदा बंद पडली, लोकांनी शिव्या घातल्या, पण आणली. आणि ब्रेक काय सुरेख आहेत हो. नुसतं बोट टेकवलं की लोण्यासारखी थांबते."

मास्तरांचा पाय भिंतीवरच राहिला. "साधे ब्रेक आहेत ते. तुला कसे दाबले गेले?"

"छे, ते कुठले मला झेपायला. ह्यांनी जुनाच बूस्टर परत बसवून घेतला की. पलंगाखाली कपड्यात गुंडाळून ठेवला होता." ती कौतुकाने हसली. "मला वाटलं, भंगारात घातला असेल. पण ह्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं."

मुलगा दारात उभा होता, अर्ध्या गालावर दाढीचा फेस. त्याने बायकोला डोळ्यांनी खुणावलं. खुणावून होईपर्यंत सगळं बोलून झालं होतं.

मास्तरांनी पाय खाली घेतला. आवाज चढवला नाही.

"इकडे ये. हात धर."

"बाबा, आत्ता कशाला..."

"धर."

मुलगा त्यांच्यापुढे उकिडवा बसला. सवयीने तळहात पुढे केला. मास्तरांनी त्यावर पाय टेकवला आणि दाबला. मुलाचा हात कोपरात दुमडला, छातीला भिडला, आणि तो मागे कलंडला. जड ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी उभी करावी, एवढा जोर त्या पायात आला होता. फक्त तो ब्रेक आता गाडीत नव्हता.

मास्तरांनी चप्पल पायात सरकवली.

"पायाचं माझं मी केलं," ते म्हणाले. "आता तुला जे सांगायचंय, ते तोंडाने सांग."