गुठळी आणि कोमट तेल

नलिनीबाईंनी कोमट तेलाची वाटी नवऱ्यापुढे सरकवली. बाईंची डावी पोटरी कालपासून सुजून ठणकत होती. "अहो, जरा चोळून द्या."

अच्युतरावांना चोळण्याचा भारी कंटाळा. त्यांनी चेहरा गंभीर केला. "तुझ्या थायरॉइडच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही." आणि तडक रिक्षा बोलावली.

सोनोग्राफी पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिरेत रक्ताची गुठळी झालीय. थायरॉइड जास्त काम करायला लागलं की रक्त लवकर गोठतं, आणि गोळ्या सुरू केल्या तरी काही काळ हा धोका राहतो. पाय चोळला असतात, तर गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती. यांनी वाचवलं तुम्हाला."

अच्युतराव विनयाने हसले. आपल्याला आधीच शंका आली होती, असं त्यांना आता मनापासून वाटू लागलं.

नलिनीबाईंचा चेहरा उतरला होता. पण रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन घेता घेता त्या सावरल्या.

"डॉक्टर, खांदे चोळलेले चालतील ना?"

"चालतील की. रोज चोळून घ्या."

अच्युतरावांनी दोन्ही हात खिशात घातले.