अर्धी भिंत

"लेकराचं सगळं पोटात घालावं गं, इंदे," भाताची आवणी करता करता आई म्हणायची. तो आवाज अजून कानात ओला होता, म्हणून इंदूबाई आजवर गप्प होत्या.

त्यांच्या लेकाने, रुपेशने, शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडून पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या स्वस्तात आणल्या, रंधा मारला आणि दोन दिवस भिंतीवर ठोकत बसला. हातोड्याच्या दर घावाला इंदूबाईंची मान खांद्यात जाई. एक फळी त्यांच्या हातून निसटली, तसा त्याने हातोडा त्यांच्यावरच उगारला. मग हसून खाली घेतला. "पाव्हणे येऊन जाऊ देत," म्हणाला, "मग बघतो तुला."

रविवारी स्नेहल आईवडिलांबरोबर घर बघायला आली. होणाऱ्या नवऱ्याच्या हातचं काम पाहून हरखलीच. फळ्यांवरून हात फिरवत म्हणाली, "किती सुरेख रे! पण अर्ध्यावरच का थांबलास?"

"बजेट संपलं!" रुपेश म्हणाला. सगळे हसले.

इंदूबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"बजेट नाय संपलं गं, पोरी. माझं डोकं आपटून आपटून ह्यानं भिंतीला खड्डे पाडलेत. माझी उंची जेवढी, तेवढ्याच फळ्या लागल्या."