फ्रिजमधलं शून्य

सकाळी अकराला प्रोग्रामरला स्वतःच्याच प्रोग्राममधली चूक दिसली. त्याने लसीकरण केंद्रातल्या नर्स बहिणीला फोन लावला. “ताई, फ्रिजचं तापमान किती?” “सकाळपासून चार. तुझीच स्क्रीन सांगतेय, शहाण्या!” “स्क्रीन मरू दे. आतला थर्मामीटर बघ.” ती बघेपर्यंत त्याने प्रोग्राममधली ती ओळ पुन्हा वाचली. ‘आकडा असेल तर दाखव,’ असं त्याने लिहिलं होतं. संगणक शून्यालाही ‘नाही’च समजतो, म्हणून शून्य आलं की स्क्रीनवर आधीचाच आकडा राहायचा. “शून्य आहे रे! लस गोठली की वाया. सव्वीस बाळांना टोचून झाली.” “आणि पुढचं?” “आईच्या मांडीवर बसलंय.” “थांबव, ताई!” हाच प्रोग्राम आणखी चाळीस केंद्रांत होता. तो एकेक नंबर फिरवत सुटला. बारापर्यंत एकोणतीस जणांनी फोन उचलला. दोन फ्रिज शून्यावर निघाले. उरलेल्या अकरा ठिकाणी रिंग वाजतच होती.