रोझीची शिदोरी

चौदा महिने तुम्ही वनखात्यातले लोक या सिंहिणीला, रोझीला, विसरलात. सर्कसवाला तिला वाटूरच्या माळावर टाकून पळाला, तो लबाड होताच. तुम्ही काय केलंत? कागदावर सिंहीण जप्त केलीत, ज्याच्या रानात पिंजरा उभा होता त्या तातेरावाची 'जनावर सांभाळीन' अशा सुपूर्दनाम्यावर सही घेतलीत, आणि 'आठ दिवसांत गाडी येईल' म्हणून जीप वळवलीत.

गाडी आज सकाळी आली. ट्रकमध्ये आधीच दोन सिंह, दुसऱ्या कुठल्या सर्कशीचे, उन्हानं धापा टाकणारे. सोबत जनावरांच्या डॉक्टर अरुंधती. त्यांच्या संस्थेकडं दूर दक्षिणेत चार एकरांचं कुंपणाचं रान आहे, झाडं आहेत, तळं आहे. आठ फुटांच्या पिंजऱ्यातून रोझी तिथं जाणार होती.

अरुंधतीनं भुलीची सुई भरली आणि सहज विचारलं, "बाबा, कालपासून हिच्या पोटात काही नाही ना?"

तातेराव हसला. "आसं कसं? सासरी चालली ती. पहाटंच घरचं बोकड कापून घातलं. उपाशी धाडतो का काय?"

कुंपणाशी उभी असलेली शेजारीण सगुणाबाई म्हणाली, "पोरीच्या लग्नात पंगतीला वरण पुरलं न्हाई याच्या. हिला बघा, बोकड."

अरुंधती हसली नाही. सुई तिनं परत डब्यात ठेवली. "भरल्या पोटी भूल दिली तर उलटी फुफ्फुसात जाईल. मरेल ती. चोवीस तास उपाशी ठेवा, असं पत्र आम्ही महिन्यापूर्वी पाठवलंय."

पत्र तुमच्याकडं आलं होतं. तातेरावाला तुमच्या शिपायानं काल एवढंच सांगितलं, की उद्या गाडी येणार.

मग भुलीविना न्यायचं ठरलं. रिकामा पिंजरा उतरवून रोझीच्या पिंजऱ्याच्या तोंडाला लावला, दार वर ओढलं. तातेराव पलीकडून हाका मारत राहिला. "चाल रोझे. चाल माय, जल्दी." रोझीनं एक डोळा उघडला. त्याच्याकडं बघितलं, कूस बदलली आणि झोपली.

बारा वाजले. ट्रकमधला एक सिंह तोंडातून फेस गाळायला लागला.

"या दोघांना आता थांबवता येत नाही, बाबा," अरुंधती म्हणाली. "पुन्हा येऊ."

"कधी?"

"परवानगी नव्यानं लागेल. ती यांच्या हातात." तिनं जीपजवळच्या तुमच्या साहेबाकडं पाहिलं. साहेब घड्याळ बघत होता.

ट्रक गेला. धूळ खाली बसली.

"बरं झालं की," सगुणाबाई म्हणाली. "घरात दुसरं माणूस न्हाई. दिवसभर हिच्याशीच तर बोलून राह्यतोस."

"बोलतो," तातेराव म्हणाला. "म्हणून का तिनं हितंच मरावं?"

साहेब जीपमध्ये बसला. तातेराव पुढं जाऊन उभा राहिला आणि तापलेल्या बॉनेटवर त्यानं दोन्ही हात टेकले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तो हलला नाही.

"साहेब, मी अठ्ठ्याहत्तर वर्सांचा. ती नऊ वर्सांची. माझ्या माघारी तिला कोण? एक नाव सांगा, मंग जा."