कंपनीचा आवाज

"पुन्हा वाजव," सुदर्शन सर म्हणाले. "आधी माझा, मग हिचा."

सरांच्या ऑर्केस्ट्रातल्या मुकेशने गिटारची केबल सरांच्या अ‍ॅम्पमध्ये खुपसली आणि तेच चार कॉर्ड वाजवले. मग ती काढून योगिताच्या अ‍ॅम्पमध्ये घातली. पुन्हा तेच चार कॉर्ड. दोन्ही छोटे अ‍ॅम्प काउंटरवर शेजारी शेजारी होते, दोन्हींची बटणं मधोमध. सरांच्या अ‍ॅम्पवर कंपनीचं चकचकीत नाव होतं. योगिताच्या अ‍ॅम्पवर कसलंच नाव नव्हतं. जीपच्या सीटांना लावतात ते काळं रेक्झिन तिने त्यावर चढवलं होतं.

"ऐकलंत?" सर धर्मेंद्रशेठना म्हणाले. "माझा कसा गोल येतो. भरीव. हिचा म्हणजे पत्र्यावर खडे पडल्यासारखा."

"थोडा फरक आहे खरा," शेठ म्हणाले. जव्हारच्या एसटी डेपोजवळचं हे दुकान त्यांचं. योगिता मागच्या टेबलावर दुरुस्तीची कामं करायची.

सर खोडाळ्याच्या शाळेत शिकवत आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा चालवत. त्यांच्याकडे जे सामान असेल तेच आसपासच्या बँड पार्ट्या घेत. सरांनी दुसऱ्या गिटारसाठी तुझा अ‍ॅम्प घेतला, तर पुढचं शेल्फ तुझं, तुझ्या नावाने विकू, असं शेठनी योगिताला सांगितलं होतं. नाही घेतला तर मिक्सर आणि इस्त्र्या होत्याच.

"एकदा पाठ करून ऐका, सर," योगिता म्हणाली. "कुठला वाजतोय ते न बघता."

"परीक्षा मी घेतो, योगिता. देत नाही."

शेठ मोठ्याने हसले. मुकेश हसला नाही. तो गिटारच्या तारांवर हात ठेवून थांबला होता.

"सर, मना त दोनी सारखीच वाटतात."

"तुझे कान डीजेने गेलेत."

सरांनी योगिताच्या अ‍ॅम्पवर टिचकी मारली. "बाई, तुझी मेहनत दिसते. नाही असं नाही. पण टोन ही वेगळी गोष्ट आहे. त्याला कान तयार व्हावा लागतो. तुमच्या जामसरच्या पाड्यावर तारपा उत्तम फुंकतात, त्याला कुठे अ‍ॅम्प लागतो?"

योगिताने शेठकडे पाहिलं. शेठ कॅलेंडरकडे बघत होते.

गेल्या पावसाळ्यात व्होल्टेज वाढून सरांच्या अ‍ॅम्पमधला बोर्ड जळला होता. तसा बोर्ड बाजारात कुठे मिळेना. योगिताने तीन दिवस खपून स्वतःच एक बनवला आणि फाटका स्पीकर काढून नवा घातला. त्याच आराखड्यावरचा दुसरा बोर्ड आणि एकाच खोक्यातून आलेला दुसरा स्पीकर आज शेजारच्या अ‍ॅम्पमध्ये होता. बाहेरची लाकडी पेटीसुद्धा तिने मापाला माप जुळवून केली होती. ठाण्याहून कंपनीचा ओरिजिनल पार्ट मागवला, असं शेठनी सरांना सांगितलं होतं. आणि तिला सांगितलं होतं, गिऱ्हाईक खूश आहे, तू मधे बोलू नकोस. ती वर्षभर बोलली नव्हती.

"शेठ, तुम्ही सांगता का मी सांगू?"

"काय सांगायचंय?" शेठ हळू आवाजात म्हणाले. "तू मागे जा. पुष्पाबाईंची इस्त्री आज द्यायची आहे."

योगिता मागे गेली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन परत आली. तिने सरांचा अ‍ॅम्प उचलून काउंटरवर पालथा घातला.

"ए, हात लावू नकोस," सर म्हणाले. "कंपनीचं सील आहे त्याला."

"सील मीच लावलंय."

"योगिता," शेठ म्हणाले, "उद्यापासून कामाला यायचंय ना?"

तिने सील फाडलं. चार स्क्रू काढले, मागची फळी बाजूला ठेवली. मग स्वतःच्या अ‍ॅम्पचीही काढली. आत दोन बोर्ड होते, दोन्हींवर तीच हिरवी वायर, तोच तिरका जोड.

"हा मी बनवलाय. आणि हाही मीच. वर्षभर तुम्ही लग्नांत जो वाजवताय, तो हा."

मुकेश वाकला. एकात बघितलं, दुसऱ्यात बघितलं.

"एकूच हाये, सर."

सर खिशातला चष्मा लावून पुढे झाले. बराच वेळ दोन्ही पेट्यांत बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी शेठकडे मान वळवली, तेव्हा शेठनी मोबाइल कानाला लावला. तो वाजला नव्हता.

सरांनी चष्मा काढून पुसला.

"तरीच," ते म्हणाले. "वर्षभर मला वाटतच होतं, आवाजात काहीतरी बिघडलंय."

योगिताने त्यांच्या अ‍ॅम्पचे चारही स्क्रू गोळा केले आणि त्यांच्या हातावर ठेवले.

"कंपनीकडून बसवून घ्या."

मग ती स्वतःच्या अ‍ॅम्पची फळी लावू लागली. पहिला स्क्रू, दुसरा, तिसरा. चौथा पक्का बसला, तरी तिचा हात थांबला नाही. ती दात आवळून पिळत राहिली. फळी कडकन तडकली, आणि तो आवाज मात्र दुकानात सगळ्यांना सारखाच ऐकू आला.